पथनाट्याचा खर्च कोण करतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एका चौकटीत आम्ही लिहिलं होतं की शांतता, समता, सामाजिक न्याय असल्या विषयांवर काम करणाऱ्या कलाकारांना पैसे देणाऱ्या संस्था आहेत, आणि उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या पफिन फाउंडेशनचं नाव दिलं होतं. बास, तेवढ्यावर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप यांचा नुसता ढीग पडला. निम्म्या लोकांना फॉर्म हवाय, उरलेल्यातल्या निम्म्यांना संशय आहे की यात काहीतरी गोलमाल असणार. दोन्ही प्रकारचे प्रश्न घेतलेत. लांबलचक पत्रं कापलीत, रागावू नका.

आम्ही एडिसनला राहतो, दहा-बारा हौशी नाटकवाले. दरवर्षी मंडळाच्या गणपतीत विनोदी एकांकिका करतो. यंदा जातीवर काहीतरी करायचंय, म्हणजे इथे सातासमुद्रापार येऊनसुद्धा आधी आडनाव विचारणाऱ्या आपल्याच लोकांवर. मंडळ म्हणालं सणासुदीला कशाला. तुम्ही लिहिलेलं ते पफिन टीनेकला आहे म्हणजे आम्हाला जवळच. ते मराठी नाटकाला पैसे देतील का? आणि मुळात हे लोक आहेत कोण?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

आधी कोण ते सांगतो. पेरी रोझेनस्टाइन नावाचे एक गृहस्थ, स्क्रू-बोल्टच्या धंद्यात पैसा कमावलेला माणूस, त्यांनी १९८३ साली हे फाउंडेशन काढलं. वंशामुळे, बाई आहे म्हणून किंवा विचार पटत नाहीत म्हणून ज्या कलाकारांना मोठ्या संस्था दारात उभं करत नाहीत त्यांना पैसे द्यायचे, हा त्यांचा उद्देश. नाव एका पक्ष्याचं आहे आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते म्हणून थोडी लांबवतो. पफिन म्हणजे रंगीत चोचीचा, गुबगुबीत समुद्रपक्षी. अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या बेटांवरून शिकारीमुळे तो जवळजवळ संपला होता. १९७३ पासून स्टीफन क्रेस नावाच्या पक्षीतज्ज्ञाने कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून पिल्लं आणून ईस्टर्न एग रॉक नावाच्या बेटावर वाढवायला सुरुवात केली. पिल्लं मोठी झाली, समुद्रात उडून गेली, पण परत येईनात. मग या लोकांनी लाकडाचे खोटे पफिन करून खडकांवर उभे केले, म्हणजे वरून उडणाऱ्याला वाटावं की इथे आपली माणसं आहेत, उतरायला हरकत नाही. आणि ते उतरले. १९८१ साली तिथे पुन्हा घरटी झाली. आपल्याला कलेच्या बाबतीत हेच करायचंय असं फाउंडेशनचं म्हणणं. जी जागा सुटली तिथे परत वस्ती व्हावी.

दिसायला दोन प्रकारची कामं आहेत त्यांची. एक मोठं, नावाजलेलं: द नेशन या अमेरिकन नियतकालिकाशी जोडलेल्या संस्थेबरोबर २००१ पासून दिलं जाणारं एक लाख डॉलरचं बक्षीस, जे शेतमजुरांच्या नेत्या डोलोरेस वेर्ताना मिळालं, नाटककार टोनी कुश्नरना मिळालं. न्यूयॉर्कच्या सिटी म्युझियममध्ये चळवळींच्या इतिहासाचं दालन आहे, २०१२ साली उघडलेलं, त्यालाही यांचंच नाव. आणि दुसरं काम एकदम बारीक, ते म्हणजे छोट्या छोट्या ग्रँट. तुमच्या कामाचं हे दुसरं. रक्कम ऐकून हिरमुसू नका, हजार-दोन हजार डॉलरच्या घरातला मामला असतो. एवढ्यात हॉलचं भाडं आणि लाइटवाला सुटेल, फार तर.

आता मराठी. नाटक मराठी आहे म्हणून नको असं व्हायचं कारण नाही, पण अर्ज वाचणाऱ्याला समजलं पाहिजे की हे नाटक टीनेकच्या शेजारी राहणाऱ्या माणसांबद्दल आहे, कुठल्यातरी लांबच्या देशातल्या जुन्या प्रथेबद्दल नाही. तिथेच तुमचा मुद्दा उभा राहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, असं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसमनी ते व्हेटो करून परत पाठवलं. हे दोन संदर्भ अर्जात घाला, आणि पडद्यावर इंग्रजी सबटायटल दाखवणार हे आवर्जून लिहा, आणि प्रयोग फक्त मंडळाच्या मंडळींसाठी नाही तर लायब्ररीत, कम्युनिटी कॉलेजात करणार हेही लिहा. मंडळाने नाही म्हटलं ते एका अर्थी बरंच झालं, अर्जात 'आम्हाला आमच्याच लोकांत जागा मिळाली नाही' हे एका ओळीत सांगता येईल आणि पफिनवाल्यांना नेमका तोच मुद्दा कळतो. एक काळजी घ्या, ग्रँट अमेरिकेत कायम राहणाऱ्यांसाठी असते, तेव्हा अर्जदार म्हणून ग्रुपमधला नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला पुढे करा, एच-वन वाल्याला व्हिसाच्या अटींमुळे असं मानधन घेणं महागात पडू शकतं. आणि कुठल्या वर्षी कुठल्या कलाप्रकाराचे अर्ज घेतात ते भरण्याआधी बघून घ्या.

आम्ही इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या मुलांचं कलापथक चालवतो. पफिनचं वाचून आनंद झाला पण अमेरिकेतल्यांनाच देतात म्हणे. माझा मावसभाऊ तिकडे आहे, त्याच्या नावाने अर्ज करून पैसे इकडे मागवले तर चालेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

नाही चालणार, आणि हा उद्योग अजिबात करू नका, आधी मावसभाऊ अडकेल आणि मग तुम्ही.

जरा सविस्तर सांगतो कारण हा प्रश्न एकट्या तुमचा नाही, सात-आठ जणांनी वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारलंय. परदेशातून देणगी घ्यायची तर आपल्याकडे एफसीआरए नावाचा कायदा आहे, २०१० चा. सांस्कृतिक, सामाजिक, शैक्षणिक असा काही कार्यक्रम चालवणाऱ्याला परदेशी पैसा घ्यायचा असेल तर केंद्रीय गृहमंत्रालयाकडे नोंदणी लागते नाहीतर त्या एका देणगीपुरती आगाऊ परवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर पंधरा लाख तरी खर्च केलेले हवेत. कलापथकाने पंधरा लाख कुठून आणायचे हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. २०२० साली कायदा आणखी आवळला, आता परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि एका संस्थेने घेतलेला पैसा दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही. म्हणजे पूर्वी मुंबई-पुण्याची मोठी संस्था परदेशी निधी घेऊन त्यातला तुकडा इचलकरंजीला द्यायची, ती वाट बंद.

आता मावसभावाचं. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून, बँकेतून, तुमच्या संस्थेला देणगी देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, भले ओसीआय कार्ड असेल, तर मात्र तो परदेशी स्रोत झाला. म्हणून पहिला प्रश्न त्याला 'पासपोर्ट कुठला' हा विचारा, पगार किती हा नंतर. पण तेही त्याच्या स्वतःच्या पैशापुरतंच. ग्रँट स्वतःच्या नावावर घेऊन ती इकडे वळवायची म्हणजे तिकडच्या संस्थेला फसवणं आणि इकडचा कायदा मोडणं, दोन्ही एकदम.

सीएला दाखवल्याशिवाय परदेशातून एक रुपया घेऊ नका, हे मात्र लिहून ठेवा.

मी बीड जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. त्या मुलांना घेऊन, त्यांच्याच गाण्यांवर एक नाट्यप्रयोग बसवायचा आहे. भारतातली कुठली संस्था आहे का? आणि इंग्रजी अर्ज लिहिणं मला जमणार नाही, ते आधीच सांगतो.
— एक शिक्षक, बीड

आहे. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, लोक आयएफए म्हणतात. १९९३ साली सार्वजनिक न्यास म्हणून सुरू झाली, रंगकर्मी अनमोल वेल्लाणी हे तिचे संस्थापक, आणि १९९५ पासून ते ग्रँट देतायत. संशोधन, प्रत्यक्ष कलानिर्मिती, कलाशिक्षण असे त्यांचे विभाग आहेत. शाळेतलं काम त्यांनी मुख्यतः कर्नाटकात केलंय, त्यामुळे तुम्ही 'शाळेचा उपक्रम' म्हणून न जाता कलानिर्मिती किंवा गाण्यांचं संशोधन म्हणून जावं असं मला वाटतं. आणि तुमच्या काळजीचं उत्तर, अर्ज कुठल्याही भारतीय भाषेत चालतो. मराठीत लिहा, बिनधास्त. एक लक्षात ठेवा, ही काही फक्त शांतता आणि न्यायासाठी काढलेली संस्था नाही, कलेसाठीची आहे. तेव्हा 'विषय चांगला आहे' एवढ्यावर तिथे भागत नाही, तुम्ही कलेत काय करून बघणार ते विचारतात.

तुम्ही पत्रासोबत अर्जाचा कच्चा मसुदा पाठवलात ते फार छान केलंत. त्यातलं पहिलं वाक्य असं आहे: 'सदर प्रकल्पाद्वारे ऊसतोड कामगारांच्या पाल्यांमध्ये सामाजिक जाणीव, सलोखा व आत्मविश्वास यांची वृद्धी करण्याचा मानस आहे.' सर, हे वाक्य काढा. हे पंचायत समितीच्या अहवालातलं वाक्य आहे आणि ते कुठल्याही प्रकल्पाला चिकटवता येतं. तुमच्या मसुद्याच्या तिसऱ्या पानावर मात्र तुम्ही सहज लिहून गेलायत की मुली पहाटे मोळ्या गाडीत भरताना आईबरोबर जी गाणी म्हणतात त्यात मुकादमाला नाव न घेता शिव्या असतात, आणि गावी परत आल्यावर शाळेत त्याच मुली ती गाणी म्हणायला लाजतात. अहो, हेच तर आहे! अर्ज इथून सुरू करा. ही गाणी कोण म्हणतं, कधी म्हणतं, शाळेत का म्हणत नाही, आणि रंगमंचावर आणली तर काय होईल हे तुम्हाला बघायचंय. मुकादमाच्या गावात प्रयोग करायचा तर धोका काय, तेही लिहा, लपवू नका.

बजेटचं बोलू. तुम्ही 'संकीर्ण' या एका ओळीत चाळीस हजार टाकलेत, असं पाहिलं की वाचणारा लगेच पेन्सिल उचलतो. फोडून लिहा. साखर कारखान्याच्या तळावर जायला टेम्पोचं भाडं किती खेपांचं, ढोलकी आणि डफ विकत की भाड्याने, तालमीला मुलांचा नाश्ता, गाणी रेकॉर्ड करायला माइक, प्रयोगाला सतरंज्या आणि हॅलोजन. आणि तुमचं मानधन. ते तुम्ही शून्य लिहिलंय. शिक्षकी बाणा ठीक आहे पण फुकट काम करणाऱ्या माणसावर समोरचा विश्वास ठेवतोच असं नाही, त्याला वाटतं हा मध्येच सोडून जाईल. हंगामाचं वेळापत्रक पण नीट द्या, नोव्हेंबर ते एप्रिल मुलं गावात नसणार हे बंगळुरूतल्या माणसाला आपोआप कळणार नाही.

उत्तर यायला महिने लागतात, मध्ये शंका विचारायला फोन येतात. तो इंटरव्ह्यू समजून घाबरू नका, प्रस्ताव घासूनपुसून घ्यायची त्यांची ती पद्धतच आहे.

फाउंडेशनचे पैसे घेतले की आवाज गेला, असं आमच्या ग्रुपमध्ये काहींचं म्हणणं आहे. सफदर हाश्मींनी कुठे ग्रँट घेतली होती? तुम्ही लोकांना भिकेला लावताय.
— एक विद्यार्थी, पुणे

चिडून लिहिलंयत, चांगलं आहे. सफदरचं नाव काढलंत तर मग सगळंच बोलू.

जन नाट्य मंच, म्हणजे सफदर ज्यात होते तो दिल्लीचा पथनाट्य करणारा ग्रुप 'जनम', १९७३ पासूनचा. त्यांची पद्धत साधी. पथनाट्य संपलं की कलाकार चादर पसरून लोकांतून फिरतात, ज्याला जे टाकायचं ते टाकतो. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरला 'हल्ला बोल' चालू असताना हल्ला झाला, राम बहादुर नावाचा कामगार गोळी लागून गेला, सफदर दुसऱ्या दिवशी गेले, वय ३४. आणि ४ तारखेला त्यांच्या पत्नी मलयश्री हाश्मी आणि बाकीची मंडळी त्याच जागी परत गेली आणि अर्धवट राहिलेला प्रयोग पुरा केला. त्या प्रयोगाला कुठलं फाउंडेशन उभं नव्हतं हे अगदी खरं. आजही जनम प्रेक्षकांच्या पैशावर चालतो, २०१२ साली शादीपूरला त्यांनी छोटं नाट्यगृह उभारलं, स्टुडिओ सफदर.

पण त्याच १९८९ मध्ये सफदरच्या नावाने एक ट्रस्टही निघाला ना! सफदर हाश्मी मेमोरियल ट्रस्ट, सहमत. चित्रकार, लेखक, गायक, फोटोग्राफर एकत्र आले, चित्रकारांनी आपली चित्रं दिली, त्यातून पैसा उभा राहिला. १९९२ साली सहमतने दिल्लीतल्या रिक्षावाल्यांची स्पर्धा घेतली. आपापल्या रिक्षाच्या मागे धर्माधर्मातल्या सलोख्यावर स्वतः सुचेल ती ओळ लिहायची, चांगल्या ओळीला बक्षीस. कल्पना करा, ज्या वर्षाच्या शेवटी बाबरी पडली त्या वर्षात दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये हे फिरत होतं, आणि लिहिणारे कवी नव्हते, मीटरवाले होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या अयोध्येवरच्या प्रदर्शनावर फैजाबादला हल्ला झाला. ट्रस्ट केला म्हणून आवाज गेला असं काही मला यात दिसत नाही.

मला विचाराल तर ग्रँट घेतली की नाही यावर काही ठरत नाही, ग्रँट बंद पडली की दुसऱ्या दिवशी प्रयोग होतो का यावर ठरतं. झोळी आधी, ग्रँट नंतर. ज्यांच्या मागे लोक आहेत त्यांनी ग्रँट घेतली तर फार तर एक चांगला माइक येतो, आणि ज्यांच्या मागे कुणी नाही त्यांना मात्र ग्रँट हळूहळू विषयसुद्धा सांगायला लागते. यंदा पाणी, पुढच्या वर्षी लिंगभाव, त्याच्या पुढे हवामानबदल, असे ग्रुप तुम्ही पुण्यात पाहिले असतील, मी पण पाहिलेत.

आणि पैसा म्हणजे एक फाउंडेशन नाहीतर झोळी, असं दोनच दारांचं घर नाहीये हे. तुमच्याच पुण्यातलं बघा. २०१२ साली अतुल पेठेंनी गो. पु. देशपांड्यांचं महात्मा फुल्यांवरचं 'सत्यशोधक' बसवलं, त्यात महापालिकेचे सफाई कामगार होते आणि निर्मिती कुणाची होती तर पुणे महानगरपालिका कामगार युनियनची. युनियनने नाटक काढलं! अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ पासून गिरणगावात कशावर चाललं, कामगारांवरच. दाभोलकरांच्या खुनानंतर अंनिसच्या कार्यकर्त्यांनी रिंगणनाट्यं केली, तिथे तर नेपथ्यच नाही, कार्यकर्ता हाच नट. तुमच्या कॉलेजजवळ रिक्षा संघटना असेल, पथारीवाल्यांची संघटना असेल, त्यांच्याकडे गेलात का कधी? ग्रँटला नावं ठेवण्याआधी तेवढं करून बघा.

भिकेला लावताय हा शब्द मात्र परत घ्या. फाउंडेशनचा पैसा देणगी आणि करसवलतीतून आलेला असतो, म्हणजे त्यात थोडा जनतेचाही आहे. तो मागण्यात लाज कसली.

आमच्या मुलीला नाटकाचं वेड होतं. ती गेली. आम्ही दोघं निवृत्त, तिच्या नावाने वीस लाख ठेवून फाउंडेशन काढावं म्हणतो, बायकांच्या प्रश्नावर नाटक करणाऱ्या मुलींसाठी. कसं करावं?
— एक आई, ठाणे

ताई, विचार फार चांगला आहे, आणि तुम्ही विचारलंयत व्यवहाराचं म्हणून व्यवहाराचंच सांगतो.

वीस लाखांवर सात टक्के धरले तरी वर्षाला एक लाख चाळीस हजार हातात येतात. स्वतःचा ट्रस्ट काढला तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० चा, त्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, मग आयकरात नोंदणी, देणगीदारांना ८०जी म्हणून जी सवलत सगळे ओळखतात ती मिळवायची तर तिचा वेगळा अर्ज, दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. सीए आणि चकरा यात सुरुवातीची एक-दोन वर्षं जातील आणि तुमच्या एक लाख चाळीस हजारातला बराचसा तिकडेच. आणखी एक, तुम्हा दोघांनंतर कोण, हा प्रश्न आजच सोडवावा लागेल.

म्हणून मी म्हणेन, आधीपासून चालू असलेल्या एखाद्या विश्वासाच्या संस्थेत मुलीच्या नावाने कायम निधी ठेवा, त्याच्या अटी लेखी करा, आणि निवड समितीवर पहिली काही वर्षं तुम्ही स्वतः बसा. वर्षाला पाच मुलींना पंचवीस-पंचवीस हजार. कमी वाटेल पण एकट्या मुलीला एकपात्री प्रयोग घेऊन गावोगाव फिरायला तेवढ्याने सुरुवात होते, पफिनसारखं शंभर कोसांवरचं फाउंडेशन पण असंच लहान लहान देतं. आणि पैसे देताना अहवाल दोन पानांच्या वर मागू नका. नाटकवाल्या मुलीला एक्सेल शीट भरायला लावलं की ती पुढच्या वर्षी येत नाही.

आपल्याकडे या बाबतीत एक उलटी गंमत पण झालेली आहे, म्हणजे फाउंडेशनने कलेला द्यायच्या ऐवजी कलेने चळवळीला दिलं. सामाजिक कृतज्ञता निधी आठवतो? बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले या मंडळींनी पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दर महिन्याला काहीतरी मानधन मिळावं म्हणून तो उभा केला, आणि पैसे कसे जमवले तर अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून. लागू, फुले, तनुजा असे मोठमोठे कलाकार, गावोगाव हाउसफुल्ल. विनोदी नाटक, सामाजिक संदेशाचं एक वाक्य नाही, आणि त्याच्या तिकिटांवर कार्यकर्त्यांच्या घरात किराणा गेला. तुमच्या मुलीच्या मैत्रिणी अजून नाटक करत असतील ना? निधीत भर घालायला वर्षातून एक प्रयोग त्यांना बसवायला सांगा. त्या नाही म्हणणार नाहीत.

आमच्या एमआयडीसीत मोठ्या कंपन्या आहेत. सीएसआरमधून जातीय सलोख्यावरच्या नाटकाला पैसे मिळतात का?
— एक वाचक, चाकण

कागदावर मिळू शकतात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, ज्या कंपनीचा नफा पाच कोटींच्या वर आहे किंवा उलाढाल हजार कोटींची आहे तिने सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, आणि त्या कामांच्या यादीत कला-संस्कृती आहे. प्रत्यक्षात सांगू? हात धुवा, हेल्मेट घाला, झाडे लावा यावर पथनाट्य करा म्हटलं तर उद्या चेक. सलोखा म्हटलं की एचआरवाले साहेब 'बघू' म्हणतात आणि त्यांचं बघणं संपत नाही. शिवाय संस्था तीन वर्षं जुनी हवी, सीएसआर-वन नोंदणी हवी. हेल्मेटचं नाटक करून त्या पैशातून टेम्पो घेणारे आणि त्याच टेम्पोतून दुसरं नाटक फिरवणारे लोक आहेत, त्यात मला काही गैर वाटत नाही.

महाराष्ट्र फाउंडेशनच्या पुरस्कारासाठी नाटकाचं हस्तलिखित पाठवलं तर प्रयोगाला निधी मिळेल का?
— एक वाचक, लातूर

गल्लत होतेय. महाराष्ट्र फाउंडेशन ही अमेरिकेतल्या मराठी लोकांची संस्था, १९७८ पासूनची. सुनील देशमुखांच्या पुढाकाराने १९९४ पासून साहित्य आणि समाजकार्याचे पुरस्कार देते, त्यात नाट्यलेखनही येतं. पण पुरस्कार हा झालेल्या कामाला असतो, ग्रँट ही व्हायच्या कामाला. तुमचं नाटक अजून झालंच नाहीये, तेव्हा आधी कुठल्यातरी हौशी संघाकडून त्याचं एक वाचन करून घ्या, वीस माणसं जमली तरी चालतील, आणि वाचन संपल्यावर टोपी फिरवा. फक्त एक सावधगिरी. प्रयोगाच्या खर्चासाठी प्रेक्षकांनी टोपीत टाकलं ते वेगळं, आणि 'अमुक पीडितांच्या मदतीसाठी' म्हणून लोकांकडून वर्गणी गोळा केली तर ते वेगळं. दुसऱ्याला धर्मादाय आयुक्तालयाची तात्पुरती परवानगी लागते, गणपती मंडळं काढतात तीच. लातूरला ऑफिस आहे, जाऊन विचारा, आणि जाताना ओळखपत्राच्या झेरॉक्स जास्तीच्या न्या.